शस्त्राचा परवाना आणि विक्रेत्याचा विवेक

लोखंडाच्या एकाच कांबीतून लोहार विळा घडवतो आणि तलवारही घडवतो. भट्टी तीच, घण तोच, पाणी देण्याची रीतही फारशी निराळी नाही. विळा विकावयास कोणी परवाना मागत नाही. तलवार विकावयाची म्हटली की कायद्याची पुस्तके उघडावी लागतात. हा भेद लोखंडात नाही, तो हेतूत आहे, असे उत्तर चटकन सुचते आणि ते चूकही नाही. परंतु हेतू ही चीज माणसाच्या अंतःकरणात राहते. ती तराजूत घालता येत नाही, मोजपट्टीने मोजता येत नाही, आणि अर्जाच्या रकान्यात तर ती उतरतच नाही. रकान्यात उतरते ते हेतूविषयीचे विधान. मग शासन जो परवाना देते तो नेमका कशाचा? आणि तो एकदा हाती आला म्हणजे विकणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीस काही काम उरते की नाही?

हा प्रश्न या पृष्ठांवर घेण्यास एक कारण आहे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचा दिवस परवाने देण्यात, नाकारण्यात, किंवा त्यांवर टिप्पणी लिहिण्यात जातो. कोणी आयातनिर्यातीच्या कचेरीत आहेत, कोणी सीमाशुल्कात, कोणी जिल्ह्याच्या ठिकाणी. परवान्याचा कागद आम्हां कारकुनांच्या हाताखालून इतका वारंवार जातो की त्याचा अर्थ काय, हे विचारण्याची सवय मोडते. शस्त्राचा परवाना हे त्या अर्थाचे सर्वांत उघडे उदाहरण आहे. कारण येथे चूक झाली तर तिचा हिशेब रुपयांत होत नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७८ च्या जुन्या कायद्यात बंदुका व तोफा यांच्या जोडीला तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती आणि धनुष्यबाणदेखील शस्त्रांत मोजलेले होते. स्वातंत्र्यानंतर तो जाऊन शस्त्र अधिनियम, १९५९ आला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. या अधिनियमाच्या व्याख्येत धारदार व इतर प्राणघातक शस्त्रे येतात. पण केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. लाठी आणि हातात धरावयाची साधी काठीही वगळली आहे. १९६२ च्या नियमांच्या अनुसूचीने पात्याच्या शस्त्रांचा एक स्वतंत्र वर्ग केला. तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला, परशू, तसेच कृपाण व खुकरी धरून सर्व सुरे त्यात आले. आणि मर्यादा घातली गेली ती अशी की पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असावे. जवळ बाळगण्यापुरता परवाना कलम ४ प्रमाणे केवळ अधिसूचित प्रदेशातच लागतो. परंतु घडवणे, विकणे, दुरुस्त करणे, इतकेच नव्हे तर विक्रीसाठी मांडून ठेवणे, हे सारे कलम ५ मध्ये येते. आणि ठरवून दिलेल्या वर्गांतील शस्त्रांबाबत या कलमाच्या शब्दांत प्रदेशाची अट नाही. म्हणजे पाते घरात असण्यापेक्षा ते बाजारात असण्याकडे कायद्याची नजर अधिक आहे.

नऊ इंचांची ही रेघ पाहून हसणारे हसतात. पावणेनऊ इंचांचा सुरा सज्जन आणि सव्वानऊ इंचांचा दुर्जन, असे कोठे असते काय? पण हे हसणे फार टिकत नाही. ज्याला अंतःकरण दिसत नाही त्याने काहीतरी दिसणारे मोजलेच पाहिजे. रेघ कोठेही ओढली तरी तिच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्याच वस्तू उभ्या राहणार. महत्त्वाचे ते इतकेच की, रेघ ओढणाऱ्याने आणि तिच्यावर बोट ठेवून काम करणाऱ्याने ती नीतीची रेघ आहे असे समजू नये. घरातल्या भांडणात माणसाच्या हाती बहुधा तलवार येत नाही, हाताशी असलेला कोयता येतो, कुऱ्हाड येते. कायद्याने ज्यांना निरुपद्रवी म्हटले त्या त्याच वस्तू होत.

आपल्या घरांतून खंडेनवमीला जी पूजा मांडली जाते ती या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. परप्रांतातील दोन खोल्यांच्या सरकारी निवासातही पाटावर विळी, सुरी, कात्री, हातोडी, शिलाईयंत्राची किल्ली आणि लेखणी एका ओळीत ठेवली जातात; कोणाकडे वाडवडिलांची तलवार असली तर तीही त्याच ओळीत. सर्वांना हळदकुंकू सारखेच. अवजार आणि शस्त्र यांत ही पूजा भेद करीत नाही, आणि त्यात मोठे शहाणपण आहे असे आम्हांस वाटते. ज्याने कापता येते त्या प्रत्येक वस्तूपुढे माणसाने वर्षातून एकदा तरी हात जोडून उभे राहावे, म्हणजे ती वस्तू आपल्यापेक्षा निराळी नाही, आपल्या हाताचाच तो वाढीव भाग आहे, याची आठवण राहते.

आता प्रश्न अधिक गुंतागुंतीचा करणारा एक व्यवसाय आपल्याच देशात आहे, त्याकडे वळू. युरोप व अमेरिकेत इतिहासातील लढायांचे पुनःप्रयोग करणारी मंडळे आहेत. रोमन शिपाई, मध्ययुगातील सरदार, गुलाबांच्या युद्धातील धनुर्धर असे वेष घेऊन सामान्य नोकरीपेशाची माणसे सुटीच्या दिवशी मैदानात उतरतात. त्यांची चिलखते, शिरस्त्राणे आणि तलवारी यांचा बराच भाग देहरादून व मेरठ येथील कारखान्यांतून जातो. देहरादूनच्या या धंद्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धात गुरखा पलटणींसाठी घडवलेल्या खुकऱ्यांपर्यंत जाते. आज त्याच परिसरातील कारागीर एकेका कडीला रिव्हेट ठोकून कड्यांचे चिलखत विणतो. ते ज्या काळाचे आणि ज्या देशाचे, त्यांचे नावही कदाचित त्याच्या कानावर नसेल. देहरादूनला नोकरीनिमित्त राहिलेल्या आपल्या मराठी बांधवांची संख्या थोडी नाही. त्यांच्यापैकी काहींनी या वस्तू पाहिल्याही असतील.

पुनःप्रयोगाची तलवार ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. तिचे वजन खरे, तोल खरा, मूठ खरी. पण धार मारलेली नसते आणि टोक गोल केलेले असते. ती तलवार आहे की तलवारीचे चित्र? सरकारी कागदपत्रांत एकाच आकाराला किती निरनिराळ्या जागा मिळतात ते पाहण्यासारखे आहे. शंभर वर्षांपूर्वीची तलवार असेल तर ती पुरावस्तू. १९७२ च्या कायद्याखाली तिची खासगी निर्यात बंद. तीच नव्याने घडवली तर सीमाशुल्काच्या ९३ व्या प्रकरणात, दारूगोळ्याच्या शेजारी, तिची नोंद. तिचीच नाजूक बहीण, खेळाच्या पट्टेबाजीत वापरतात ती लवचीक तलवार, मात्र ९५ व्या प्रकरणात खेळणी व क्रीडासाहित्य यांच्या सोबत. चिलखताची गोष्ट आणखी निराळी. नियमांतील पात्याच्या शस्त्रांच्या यादीत त्याचे नाव नाही, आणि ते योग्यच आहे. अंगावर घ्यावयाच्या लोखंडाने कोणाचा जीव जात नाही. तरीही ग्राहक चिलखत आणि तलवार एकाच मागणीपत्राने मागवतो, आणि दुकानदाराला दोहोंचा विचार एकत्र करावा लागतो.

बोथट तलवारीविषयी अधिनियमाने एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. खेळण्याखेरीज जिचा अन्य उपयोग होऊच शकत नाही, आणि जिचे उपयुक्त शस्त्रात रूपांतर करता येत नाही, तीच वस्तू व्याख्येतून सुटते. कायदा वस्तू आज काय आहे एवढेच विचारीत नाही, ती उद्या काय होऊ शकेल हेही विचारतो. लाकडी तलवार सुटेल. पण चांगल्या पोलादाची बोथट तलवार एका सहाणेच्या अंतरावर उभी असते. हा विचार वस्तूपुरता न ठेवता माणसापर्यंत नेला तर काय होईल? मनुष्य आज काय आहे याची चौकशी पोलीस ठाण्याच्या अहवालाने होते. तो उद्या काय होईल, याचा अहवाल देणारे ठाणे अद्याप निघाले नाही. ही मर्यादा मान्य करूनच परवान्याचा विचार केला पाहिजे.

परवान्याची कल्पना इंग्रजांनी आणली असा एक समज आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्रेची अनुज्ञा असल्यावाचून शस्त्र घेऊन हिंडू नये असा नियम आहे, आणि शस्त्रे व कवचे राज्याबाहेर नेणाऱ्यास दंड करून त्याचा माल जप्त करावा असेही सांगितले आहे. इंग्रजांनी नवे केले ते निराळे. १८७८ च्या कायद्याने परवाना हा विश्वासाचा नव्हे तर अविश्वासाचा कागद झाला, आणि तोही वर्ण पाहून. कारण त्याखालील नियमांनी युरोपियनांना सूट होती. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातील आपल्या पत्रकात त्याची गणना इंग्रजी राज्याच्या अत्यंत निंद्य कृत्यांत केली. शस्त्र न उचलण्याचा निश्चय आणि शस्त्र उचलण्यास नालायक ठरवले जाणे, यांतील अंतर त्यांना पुरते ठाऊक होते.

पुढे संविधान सभेत १९४८ च्या अखेरीस, मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा अधिकार मूलभूत अधिकारांत घालावा अशी सुधारणा मांडली. सभेने ती स्वीकारली नाही. संविधानात राहिले ते शांततेने व शस्त्रांवाचून एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य. आणि अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात, कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला जाईल, हे वचन. १९५९ च्या अधिनियमात आणखी एक तरतूद आहे जी फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कोणासही परवाना नाकारता येणार नाही, असे कलम १४ म्हणते. आणि नाकारावयाचा झालाच तर कारणे लेखी नमूद करावी लागतात. गोऱ्या कातडीपासून लेखी कारणांपर्यंतचा हा प्रवास लहान नव्हे.

या प्रवासातून आम्ही एक धडा घेतो. परवाना देणाऱ्याने आपली खासगी नीती नियमाच्या जागी बसवू नये. हा मनुष्य मला बरा वाटत नाही, याची वस्ती चांगली नाही, याच्या बोलण्यात नम्रता नाही, असली कारणे अंतःकरणाच्या कितीही खोल भागातून आली असली तरी ती लेखी मांडता येत नाहीत. आणि जे कारण लिहिण्याची लाज वाटते ते बहुधा कारण नसतेच. शासनाचा नकार हा साऱ्या राज्यशक्तीचा नकार असतो. नागरिकाला दुसऱ्या शासनाकडे जाता येत नाही. म्हणून अधिकाऱ्याचा विवेक नियमाच्या काठांत वाहिला पाहिजे. नियम जे जे विचारावयास सांगतो ते सर्व त्याने कसून विचारावे, एकही प्रश्न उरकून टाकू नये; पण नियमापलीकडे जाऊ नये.

विक्रेत्याची गोष्ट तशी नाही, आणि येथेच आमचे म्हणणे सुरू होते. भगवान बुद्धांनी उपासकाला वर्ज्य म्हणून जे पाच व्यापार सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार आहे. सैनिकाने शस्त्र वापरण्याचा प्रश्न त्या उपदेशात नाही. प्रश्न विकण्याचा आहे. विकणारा स्वतः घाव घालीत नाही, म्हणूनच त्याला आपण निर्लेप आहोत असे वाटण्याची भीती अधिक. हा उपदेश शब्दशः पाळावा तर देहरादूनच्या कारागिराने उद्या काय करावे? त्याच्या हातच्या दहातील नऊ तलवारी कधी भाजीही कापणार नाहीत. त्याला पापी ठरवणे सोपे आहे, आणि ते सोपे आहे म्हणूनच आम्ही ते करणार नाही. उपदेशातील मर्म घ्यावयाचे ते हे की, विकण्याचे कर्म हे पैसे मोजून घेण्यापाशी संपत नाही.

जुन्या गावगाड्यात हे मर्म वेगळे शिकवावे लागत नसे. लोहाराला प्रत्येक कुऱ्हाडीचा धनी माहीत असे. बांधावरून भांडण पेटलेल्या घरातून अवेळी कोणी कुऱ्हाडीला धार लावायला आला, तर लोहार भट्टी विझली म्हणून सांगे, आणि सकाळी गावच्या चार माणसांच्या कानावर घाली. त्याच्यापाशी परवान्याची वही नव्हती, ओळख होती. शहराने ती ओळख पुसली. २०१८ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, घरबसल्या मागवलेल्या तलवारी व सुरे पोलिसांनी जप्त केले. त्या विकणाऱ्यांनी घेणाऱ्याचा चेहरा पाहिला नव्हता. पाहिला होता तो केवळ पत्ता. परवाना, नोंदवही, ओळखपत्राची प्रत, ही सारी त्या हरवलेल्या ओळखीची जागा भरून काढण्याची साधने आहेत. साधन म्हणून ती आवश्यकच आहेत. पण आंधळ्याची काठी हा काही त्याचा डोळा नव्हे.

परदेशांतील कायदेही याच अडचणीशी झुंजत आहेत. इंग्लंडात २००८ पासून ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारी विकण्यास बंदी आहे. परंतु ऐतिहासिक लढायांचे पुनःप्रयोग व खेळ यांसाठी सूट आहे, आणि तिच्यासाठी प्रयोग आयोजित करणाऱ्यांनी सार्वजनिक दायित्वाचा विमा उतरवलेला असावा लागतो. येथे कायद्याने पाते मोजून न थांबता, ते कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या जबाबदारीवर, असे विचारले. हे पाऊल पुढचे खरे. तरी विम्याचा कागद पाहणे आणि माणूस पाहणे यांत अंतर राहतेच, आणि ते अंतर भरून काढणारा एकच मनुष्य त्या व्यवहारात हजर असतो, तो म्हणजे विक्रेता.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, एकाने नाकारले तर ग्राहक शेजारच्या दुकानात जाईल. मग नकाराचा उपयोग काय? या तर्काने जगातील कोणतेही दुष्कर्म समर्थनीय ठरते, कारण ते करावयास दुसरा कोणीतरी नेहमीच तयार असतो. जगात एकूण किती तलवारी विकल्या जाव्यात याची जबाबदारी एका दुकानदारावर नाही. त्याच्या हातून कोणती जावी, याची आहे. दुसरा आक्षेप पोटाचा. एक गिऱ्हाईक परत गेल्याने कारागिराच्या घरी चूल पेटणार नाही, असे प्रसंग येतात. आम्ही हा आक्षेप हलका मानीत नाही. म्हणूनच नकाराचा भार मालकाने उचलावा, रोजंदारीवर कड्या ओवणाऱ्याने नव्हे, एवढे तरी न्यायाला धरून होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. विक्रेत्याला आपल्या बुद्धीने नाकारण्याची मुभा दिली, तर तो जात पाहील, धर्म पाहील, टोपी आणि दाढी पाहील. अधिकाऱ्याला जे आम्ही निषिद्ध म्हटले तेच विक्रेत्याला मोकळे कसे? उत्तर असे की, मोकळे नाहीच. विक्रेत्याने नाकारावे ते माणसाच्या कुळावरून नव्हे, त्याने दुकानात केलेल्या वर्तनावरून. पुनःप्रयोगासाठी म्हणून तलवार मागणारा मनुष्य तिला धार लावून द्या म्हणतो. मिरवणुकीसाठी म्हणून एकाच नमुन्याच्या पन्नास तलवारी मागणारा, त्या कोण शिकवणार, मागाहून कोठे ठेवणार, या प्रश्नाला उत्तर देत नाही. पावती नको, नाव नको, माल आजच हवा, असे म्हणणारा येतो. ही वर्तने आहेत, आणि नकाराचे कारण त्या माणसाच्या तोंडावर, चार माणसांदेखत सांगता येते. जे कारण असे सांगता येत नाही ते विक्रेत्यानेही मनातून काढून टाकावे. अधिकाऱ्याला कारण लिहावे लागते, विक्रेत्याला ते बोलता आले पाहिजे.

आपल्याकडील मर्दानी खेळाच्या तालमींत परवाना न म्हणता परवाना देण्याची एक रीत आजही आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. पण कोल्हापूरच्या तालमीत आलेल्या पोराच्या हाती कोणी पहिल्याच दिवशी पट्टा देत नाही. आधी काठी फिरवावी लागते. वस्ताद पाहतो, पोराला राग आवरतो की नाही, समोरच्याला लागले तर तो थांबतो की नाही. पट्टा हातात येईपर्यंत त्या मुलाची ओळख पुरती झालेली असते. दुकानदार वस्ताद होऊ शकत नाही हे खरे; परंतु कोणत्या तालमीत शिकता, कोणाजवळ शिकता, हे दोन प्रश्न तो विचारू शकतो, आणि त्यांची उत्तरे ऐकण्यापुरता वेळ काढू शकतो.

तेव्हा परवाना म्हणजे काय, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ. परवाना म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे. जबाबदारी कोणाकडे आहे त्याचा तो पत्ता आहे. उद्या काही अघटित घडले तर कोणाच्या दाराशी जाऊन विचारावे, हे तो कागद सांगतो. ज्याचे नाव त्यावर आहे त्याने आपल्याला विचारले जाईल असे समजूनच वागावे. आणि त्यावर सही करणाऱ्याने, ज्याला विचारावयाचे तो मनुष्य तेथे खरोखर राहतो की नाही, एवढे तरी पाहून घ्यावे.

परमुलखात बसून फायलींवर ‘नियमात बसते’ असे रोज लिहिणाऱ्या आमच्या बांधवांना हे उपदेशासारखे वाटू नये. ते शब्द आम्हीही लिहितो आणि लिहीत राहू. त्यांच्यावाचून राज्य चालणार नाही. त्यांचा अर्थ मात्र ‘शासनाकडून अडथळा नाही’ एवढाच आहे. तो कागद घेऊन बाहेर पडणारा मनुष्य त्यातून ‘आता विचार करण्याची गरज नाही’ असा अर्थ काढू लागला, तर त्याला तेथल्या तेथे दोन वाक्यांत थांबवण्याइतके मराठी, हिंदी किंवा इंग्रजी आपणां सर्वांना येते.